दादीच्या गुडघ्याच्या मापाचा बाक

गुडघे कुरकुरायला लागले की म्हाताऱ्या माणसाचे बाहेर बसणे सगळ्यात आधी बंद होते. आमच्याकडे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरांना पुढे ओटा किंवा पडवी असतेच. पण ओटा जमिनीपासून फूट-दीड फूट आणि त्यावर बसायचे म्हणजे मांडी घालून. बसणे एक वेळ जमते, उठणे जमत नाही. मग कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवते. ती हलकी असते, आणि उठताना म्हातारे माणूस एका हातावर भार टाकते तेव्हा तो हात वाकतो, खुर्ची फरशीवर सरकते. एकदा तसे झाले की माणूस धास्ती घेते. पुढे त्याचा दिवस आतल्या खोलीत, पलंग आणि टीव्ही यांच्यामध्ये जातो. गल्लीतून कोण गेले, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची मुलगी माहेरी आली, हे त्याला दुसऱ्याकडून कळायला लागते.

आमच्या सासूबाईंचे, म्हणजे मुलांच्या दादींचे, हेच झाले होते. कतारला असणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांनी त्यांच्यासाठी एक लाकडी बाक मागवला. तो बाक म्हणून आला नाही. आले ते एक लांबट, जड खोके. त्यात फळ्या, पट्ट्या, पाय, बोल्टच्या पिशव्या आणि चित्रांचा एक कागद. दिरांना त्यात नवल नव्हते. आखातात खोली भाड्याने घेणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांनी पलंग, कपाट, टेबल असेच खोक्यातून काढून जुळवलेले असते. इकडे मात्र अजून असे खोके आले की घरात दोन प्रतिक्रिया उमटतात: एक तर ‘सुतारभाईंना बोलवा’, नाहीतर ‘त्यात काय, पंधरा मिनिटांचे काम’. दोन्ही बरोबर नाहीत. काम घरच्यांना जमण्यासारखे आहे, पण पंधरा मिनिटांचे नाही. नीट करायचे तर दोन दिवस लागतात, आणि त्यातला जास्त वेळ वाट पाहण्यात जातो.

सुट्या भागांची ही पद्धत नवी वाटते, तशी ती नाही. व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने 1859 मध्ये वाफेवर वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची काढली, चौदा नंबरची. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. छत्तीस खुर्च्यांचे सुटे भाग एका घनमीटरच्या पेटीत मावत आणि जहाजाने जगभर जात. मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलांत गोल बैठकीच्या, वळणदार पाठीच्या ज्या खुर्च्या आपण पाहतो, त्या याच घराण्यातल्या. पुढे स्वीडनच्या आयकियाने सपाट खोक्याचा धंदा जगभर केला. 2018 मध्ये हैदराबादला आणि 2020 च्या डिसेंबरात नवी मुंबईला त्यांची दुकाने उघडली. आता आपल्याकडचेही पुष्कळ कारखाने असे सुटे बाक विकतात.

माझे मत विचाराल तर, गावात चांगला सुतार असेल आणि जुन्या घराचे सागवानी वासे किंवा चौकटी पडून असतील, तर खोक्याच्या नादी लागू नका. चाळीस-पन्नास वर्षे वाळलेल्या त्या सागवानाची बरोबरी कोणतेही खोके करणार नाही. पण शहरात, फ्लॅटमध्ये, किंवा जिथे सुतार मिळणे कठीण तिथे हा मार्ग वाईट नाही. अट एकच. कारखान्याने बाक कोणत्याही घरासाठी आणि कोणत्याही माणसासाठी बनवलेला असतो. तो आपल्या घरच्या माणसासाठी आणि आपल्या पावसासाठी करून घेणे कागदावर कुठेच लिहिलेले नसते.

पहिली गोष्ट उंची. बहुतेक लोक बाकाची लांबी बघतात: दोघांसाठी साधारण 110 ते 120 सेंटिमीटर, तिघांसाठी 150. बैठकीची उंची कोणी बघत नाही, आणि म्हाताऱ्या माणसासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची. ज्यांच्यासाठी बाक घ्यायचा त्यांना घरातल्या एखाद्या टणक खुर्चीवर बसवा. रोजच्या चपला पायात असू द्या. तळवे जमिनीवर टेकलेले, गुडघा काटकोनात. आता जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचे माप घ्या. तरण्या माणसाला त्याच मापाची बैठक सोयीची. गुडघेदुखी असणाऱ्याला तीन ते पाच सेंटिमीटर जास्त उंची द्यावी, कारण बैठक जेवढी खोल तेवढा उठताना गुडघ्यावर जोर जास्त. पाय अधांतरी लोंबकळतील इतकी उंचीही नको. मांडीखालच्या शिरा दाबल्या जातात आणि पाय बधिर होतात. गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन झालेले असेल तर उंची डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

दादींचे माप 40 सेंटिमीटर निघाले. बाकाची बैठक 41. म्हणजे त्यांना आणखी चार सेंटिमीटर हवे होते. लाकूड कापून कमी करता येते, वाढवता येत नाही. पण पाय उचलता येतात. कडप्प्याच्या दोन-दोन तुकड्यांची जोडी, एकमेकांवर सिमेंटने बसवलेली, चारही पायांखाली. तुकडा पायापेक्षा चांगला रुंद, म्हणजे वीतभर तरी चौरस हवा आणि तो खालच्या जमिनीवरही सिमेंटमध्ये पक्का हवा. नुसता ठेवलेला दगड डुगडुगतो आणि तो प्लॅस्टिकच्या खुर्चीपेक्षा वाईट. पाय दगडावरून घसरू नये म्हणून लोखंडी दुकानात मिळणारी एल आकाराची छोटी पट्टी मागच्या दोन पायांना आणि दगडाला स्क्रूने बसवून घ्यावी. चिरा वापरू नये. जांभा पाणी पितो आणि तेच पाणी पायाला पाजतो.

या दगडाने आणखी दोन कामे होतात. पायाचे कापलेले टोक साचलेल्या पाण्यात राहत नाही. आणि वाळवी जमिनीतून लाकडात शिरते ती मातीची नळी करून. दगडावरून तिला चढावे लागले की ती नळी आपल्या नजरेला पडते आणि वेळीच मोडता येते.

बैठकीला मागे उतार असतो, तोही बघावा. अशा बाकांना तो आरामासाठी दिलेला असतो, पण म्हाताऱ्या माणसाला त्या उतारातून पुढे सरकून उठणे जड जाते. मागच्या दोन दगडांना अर्धा-एक सेंटिमीटर उंची जास्त दिली की उतार थोडा मरतो. हात असलेलाच बाक घ्या. हाताशिवायचा बाक दिसायला छान, पण उठताना आधार कशाचा? आणि हात पुढे बैठकीच्या काठापर्यंत आलेला असावा, कारण उठताना तळहात तिथेच टेकतो.

दुसरी गोष्ट पाणी. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडतो. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकांना उलटा त्रास: चार महिने कडक ऊन, तापमान पंचेचाळीसपर्यंत. लाकूड दोन्हींनी बिघडते, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. पावसाच्या हवेत फळी रुंदीत फुगते. दहा सेंटिमीटर रुंद फळी एक-दोन मिलिमीटर सहज वाढते. लांबीत जवळजवळ वाढतच नाही. म्हणून बैठकीच्या पट्ट्यांमध्ये फट सोडलेली असते. ती फट पाणी वाहून जाण्यासाठीही आहे आणि लाकडाला श्वास घ्यायलाही आहे. काही हौशी मंडळी पट्ट्या सरकवून फट बुजवतात. तसे करू नये. पावसाळ्यात पट्ट्या एकमेकींना रेटतात आणि स्क्रू उपटतात. उन्हात लाकूड सुकते, करडे पडते, टोकांना चिरा जातात.

लाकूड कोणते, हे खोक्यावर लिहिलेले असते. सागवानात अंगचेच तेल असते, म्हणून ते बाहेर टिकते आणि म्हणूनच महाग. बाहेरच्या बाकांसाठी अकेशिया म्हणजे बाभळीच्या गोतातले लाकूड किंवा निलगिरीचे लाकूड सर्रास वापरतात. ते टणक आणि जड असते, निगा राखली तर चांगले चालते. पाइन मऊ; उघड्या अंगणात, आपल्या पावसात, नुसते तेल लावून ते तग धरणार नाही. नुसते ‘सॉलिड वुड’ लिहिले असेल तर कोणते लाकूड ते विचारल्याशिवाय घेऊ नये. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असेल तर बाहेर ठेवण्याचा प्रश्नच नाही. पाणी लागले की भिजलेल्या पावासारखे फुगते.

जागा ठरवताना छपराखालची पडवी पहिली पसंती. तीही पागोळ्यांच्या रेषेपासून आत. ज्या रेषेवर पागोळ्या पडतात तिथे बाक ठेवला तर पावसाच्या चार महिन्यांत रोज तासन्तास त्याच एका पट्टीवर पाणी ठिबकते. बाकापुढची फरशीही बघा. शेवाळ धरणारी जागा असेल तर ती घासून कोरडी ठेवावी लागेल. बाक उत्तम असून माणूस त्याच्यापर्यंत जाताना घसरले तर काय उपयोग?

एक गोष्ट बाजूची, पण बोलून टाकते. आपल्या मोहल्ल्यांत पुरुषांसाठी बाकड्यांची कमी नाही. चहाच्या टपरीपुढे आहे, नाक्यावर आहे, वडाच्या पारावर आहे. बायकांसाठी बाहेर बसायचे बाकडे किती ठिकाणी दिसते? घरापुढे बाक ठेवताना तो रस्त्याला तोंड करून उघड्यावर ठेवला तर त्यावर घरातले पुरुषच बसतील. थोडा तिरपा, जाळीच्या किंवा जास्वंदीच्या आडोशाला ठेवला तर घरातल्या बायकाही तिथे निवांत बसतील, आणि शेजारीणही येईल.

आता जुळणी. खोके उघडण्याआधी मोकळी, सपाट जागा हवी. अंगणाच्या उंचसखल फरशीवर नाही, घरातल्या हॉलमध्ये. खोक्याचाच पुठ्ठा खाली अंथरला की लाकडालाही ओरखडे जात नाहीत आणि फरशीलाही. मग सगळे भाग मांडा आणि कागदाशी ताडून मोजा. बोल्टच्या पिशव्या वेगवेगळ्या वाट्यांत ओता. दिसायला सारखे दोन बोल्ट पाच-दहा मिलिमीटरने लहान-मोठे असतात आणि लहान बोल्टच्या जागी मोठा गेला तर तो पलीकडून डोके काढतो. आमच्या खोक्यात चार वायसर आणि एक बोल्ट कमी निघाला. मोजून ठेवल्यामुळे ते आधीच कळले. बाक अर्धा उभा राहिल्यावर कळले असते तर तो तसाच हॉलमध्ये आठवडाभर पडून राहिला असता. विकणाऱ्याला फोन केला तर भाग पाठवतात, पण वेळ लागतो. नमुन्याचा बोल्ट घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले की तोच मिळतो, बहुधा सहा किंवा आठ एमएमचा.

तिथे गेलोच तर सगळेच बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेणे बरे. खोक्यातले पुष्कळदा जस्ताचा मुलामा दिलेले असतात. खाऱ्या वाऱ्यात तो मुलामा फार दिवस टिकत नाही. लोखंड गंजले की नुसता बोल्ट जात नाही. सागवान आणि बाभळीच्या जातीच्या लाकडात टॅनिन असते, ते लोखंडाशी लागून काळे डाग पडतात, जे घासूनही सहजासहजी जात नाहीत. दुकानदाराला 304 नंबरचे स्टील मागावे, अगदी समुद्रकाठी घर असेल तर 316. चुंबक जोरात चिकटला तर ते स्टील नव्हे.

जुळणीआधी तेल. कागदावर हे बहुधा नसते, आणि मला वाटते सगळ्या कामात हेच सर्वांत मोलाचे आहे. बाक एकदा उभा राहिला की सांध्यांच्या आतल्या जागा, पट्ट्यांच्या खालच्या बाजू आणि पायांची टोके आपल्या हाताला लागत नाहीत, आणि पाणी नेमके तिथूनच शिरते. झाडाला पाणी वर नेणाऱ्या नळ्या लाकडात उभ्या असतात. फळीचे कापलेले टोक म्हणजे त्या नळ्यांची उघडी तोंडे. म्हणून टोकांना दोन-तीनदा तेल पाजावे, भोकांत जुन्या ब्रशने फिरवावे, बाकी सगळ्या बाजूंना पातळ हात. फक्त वरून लावले आणि खालून नाही, तर एक बाजू ओल पिते, दुसरी पीत नाही, आणि फळी वाकडी होते. आधी बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवून घ्यावा, म्हणजे कुसळे राहत नाहीत. तेल लावल्यावर वीस-तीस मिनिटांनी वरचे कापडाने पुसून घ्यावे आणि एक दिवस वाळू द्यावे.

तेल कोणते? बाहेरच्या लाकडासाठी म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारे तेल बरे, कारण त्यात बुरशीवरचे औषध असते. नुसते जवसाचे तेल कोकणच्या दमट हवेत बुरशीला आवडते. व्हार्निश चमकते खरे, पण एक-दोन उन्हाळ्यांत त्याला तडे जातात, खाली पाणी शिरते आणि मग ते सगळे खरवडून काढावे लागते. तेलाच्या बाकाला वर्षातून एकदा पुसून पुन्हा हात मारला की झाले.

आणि एक धोका, तो घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसासारखे वाळणारे तेल हवेशी मिळताना ऊब धरते. बोळ्यातली ऊब बाहेर जात नाही आणि काही तासांत चिंधी आपोआप पेटू शकते. काडी लागत नाही. त्या चिंध्या बाहेर दोरीवर एकेक पसरून कडक वाळू द्या, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी जुळणीला बसावे. दोन माणसे हवीतच. एक धरणारे, एक फिरवणारे. आमच्याकडे मुलगा आणि मुलगी बसली, आणि दादी पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या. या कागदावर अक्षर नसते, नुसती चित्रे असतात. त्यामुळे कॉलेजात जाणारा नातू आणि शाळेची पायरी न चढलेल्या दादी एकाच पायरीवर येतात. नातवाने पुढची पट्टी लावायला घेतली तेव्हा दादींनी कागदावर बोट ठेवले: “अरे, चित्रात भोके आतल्या अंगाला आहेत बघ. तू बाहेरच्या अंगाला केलीस.” त्यांचे बरोबर होते. शिवणकामात आयुष्य गेलेल्या बाईला उलटे-सुलटे पटकन दिसते.

आधी दोन्ही बाजूंच्या चौकटी: पुढचा पाय, मागचा पाय, हात. मग पाठ आणि बैठकीखालच्या आडव्या पट्ट्यांनी त्या जोडायच्या. लाकडी खुंट्या असतील तर त्या हाताने दाबून बसाव्यात. हातोडा मारावाच लागला तर मध्ये लाकडाचा तुकडा धरावा. काही सांध्यांत एक छोटा आडवा गोल नट भोकात बसवायचा असतो आणि बोल्ट दुसऱ्या बाजूने येऊन त्यात शिरतो. बोल्ट लागत नाही म्हणून पुष्कळ लोक इथेच वैतागतात. त्या नटाच्या डोक्यावर एक खाच असते. बोल्ट ज्या दिशेने येतो त्या दिशेला ती खाच स्क्रू ड्रायव्हरने फिरवून घेतली की नटाचे भोक समोर येते आणि बोल्ट अलगद लागतो.

सगळ्यात मोठा नियम: शेवटचा बोल्ट जागेवर जाईपर्यंत एकही बोल्ट आवळायचा नाही. सगळे बोटांनी, सैलसर. पहिलाच सांधा आवळला तर त्यातला केसभर तिरपेपणा पुढे वाढत जातो आणि शेवटच्या भोकाची तोंडे जुळत नाहीत. मग माणसे ड्रिल मशीन आणतात आणि भोक मोठे करतात. सगळे लागल्यावर बाक सपाट फरशीवर उभा करा. मागून बघून पाठीच्या चौकटीचे दोन कर्ण टेपने मोजा. दोन्ही सारखे असले तर बाक गुण्यात आहे. नसले तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हाताने रेटा, सैल असल्यामुळे तो हलतो. मग एका माणसाला बाकावर बसवा आणि थोडा थोडा पीळ देत, एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा, असे आवळत जा. ॲलन की हातानेच फिरवावी. मशीनने आवळले तर वायसर लाकडात रुततो, कधी फळीच चिरते. बोल्टच्या आट्यांवर थोडे व्हॅसलिन लावले असेल तर पुढे उघडताना बोल्ट अडत नाही.

दादी असरनंतर बसल्या. आधी दोन्ही हातांनी बाकाचे हात चाचपले, मग बसल्या, मग लगेच उठून दाखवले, पुन्हा बसल्या. तीनदा. मग म्हणाल्या, “आता चहा इथेच आणा.”

पावसाळ्यात बाक प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून बांधू नका. आतली ओल आतच राहते आणि बुरशी येते. ताडपत्री टाकायचीच तर वरून छपरासारखी, खालून हवा खेळती. दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, एकदा सगळे बोल्ट तपासा. फुगलेले लाकूड आकसले की ते सैल होतात आणि बाक कुरकुरायला लागतो. पायांखालचे दगड बघा, मातीची नळी दिसते का ते बघा, टोकांना तेलाचा हात मारा. खोक्याबरोबर आलेली ॲलन की आणि चित्रांचा कागद एका पिशवीत घालून बैठकीच्या खालच्या बाजूला बांधून ठेवला आहे. ज्याला लागेल त्याला तिथेच मिळतो.